आल्मिरांते इरिसार: एका बर्फफोड्या नौदल जहाजाची कारकीर्द

दर्यावर्दी

२०११ साली आमचं जहाज सोयाबीन भरायला अर्जेंटिनात गेलं होतं. ब्युनोस आयरिसला मुक्काम लांबला, एका दुपारी मोकळा वेळ मिळाला आणि मी पुएर्तो मादेरोच्या जुन्या गोदीकडे पायी निघालो. तिथे तीन डोलकाठ्यांचं एक जुनं जहाज कायमचं बांधून ठेवलंय, नाव 'उरुग्वाय'. बांधणी १८७४ ची, इंग्लंडमधल्या बर्कनहेडची. लांबी जेमतेम ४६ मीटर. आमच्या जहाजाच्या दोन होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठ्यांत, अख्खं मावलं असतं. काठावर हात ठेवून उभा होतो तर तिथला म्हातारा पहारेकरी जवळ आला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "याच्या कप्तानाच्या नावाचं मोठं जहाज आहे आमचं. जळलं. इथेच जवळ दुरुस्तीला पडलंय." हे सांगताना घरातलं कुणी आजारी असावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

त्या दिवसापासून मी त्या जळलेल्या जहाजाच्या, 'आल्मिरांते इरिसार'च्या, मागे लागलो. मिळेल ते वाचलं, अर्जेंटिनी खलाशी भेटले की त्यांना विचारलं. बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

आधी कप्तानाबद्दल, कारण ते कळल्याशिवाय जहाजाचं नाव कळत नाही.

१९०१ मध्ये ओट्टो नॉर्डेनशॉल्ड या स्वीडिश भूवैज्ञानिकाची मोहीम 'अंटार्क्टिक' नावाच्या जहाजाने दक्षिणेला निघाली. कप्तान नॉर्वेचा कार्ल अँटन लार्सन. वाटेत ब्युनोस आयरिसला अर्जेंटिना सरकारने मदत देऊ केली, पण आमचा एक माणूस बरोबर न्या म्हणून अट घातली. तो माणूस म्हणजे नौदलातला होसे मारिया सोब्राल, वय एकवीस. नॉर्डेनशॉल्ड, सोब्राल आणि आणखी चौघे स्नो हिल बेटावर लाकडी झोपडीत राहिले. एकच हिवाळा काढायचा होता. पण जहाज त्यांना न्यायला येताना बर्फात अडकलं. मग आंदर्सन, दुझे आणि ग्रुंदेन हे तिघे होप बे इथे उतरले, पायी स्नो हिल गाठायचं म्हणून. पुढे पाणी मोकळं लागलं आणि त्यांनाही परत यावं लागलं. जहाज मात्र १२ फेब्रुवारी १९०३ ला बर्फाने चिरडून बुडालं. लार्सन आणि बाकीचे बर्फावरून होडी ओढत पॉलेट बेटावर पोचले.

म्हणजे एका मोहिमेचे तीन तुकडे तीन ठिकाणी, आणि एकालाही दुसऱ्याचा ठावठिकाणा नाही. होप बेच्या तिघांनी दगड रचून खोपटं केलं आणि पेंग्विनच्या मांसावर, चरबीच्या चुलीवर अख्खा हिवाळा काढला. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा चालत निघाले तेव्हा बर्फावर त्यांची नॉर्डेनशॉल्डशी गाठ पडली, आणि काजळीने काळेठिक्कर पडलेली ही माणसं कोण, हे त्याला ओळखूच येईना. इतक्या महिन्यांच्या शोधानंतर आपल्याच माणसाने आपल्याला ओळखू नये, हा प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही.

मोहीम परतली नाही म्हणून अर्जेंटिनाने 'उरुग्वाय' तयार केलं आणि ८ ऑक्टोबर १९०३ ला ते निघालं. कप्तान हुलियान इरिसार, वय चौतीस. ८ नोव्हेंबरला तो स्नो हिलला पोचला. योगायोग असा, की पॉलेटहून होडी वल्हवत निघालेला लार्सन त्याच रात्री तिथे येऊन ठेपला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना गोळा केलं गेलं. पॉलेटवर एक खलाशी दगावला होता, बाकी सगळे परतले. परतीच्या वादळात 'उरुग्वाय'च्या डोलकाठ्या मोडल्या. २ डिसेंबरला ते तशाच मोडक्या अवस्थेत ब्युनोस आयरिसला लागलं तेव्हा धक्क्यावर माणसांचा महापूर होता.

जेवून येतो, मग आजचं जहाज.

रानपाखरू

काय जबरदस्त लिहिलंय काका! स्कॉट, अमुंडसेन, शॅकल्टन ही नावं शाळेपासून माहीत होती, ही गोष्ट पहिल्यांदाच वाचली. एक शंका. अंटार्क्टिका हा शांततेचा खंड, तिथे लष्कराला बंदी आहे ना? मग नौदलाचं जहाज कसं जातं?

इतिहासवेडी

रानपाखरू, बंदी लष्करी कारवायांवर आहे. १९५९ चा अंटार्क्टिक करार १२ देशांनी केला, १९६१ मध्ये लागू झाला. त्याचं पहिलंच कलम सांगतं की लष्करी तळ, तटबंदी, युद्धसराव, शस्त्रचाचणी चालणार नाही. पण विज्ञानासाठी किंवा शांततेच्या कामासाठी लष्करी माणसं आणि सामग्री वापरायला मुभा आहे. म्हणून चिली, अर्जेंटिना, ब्राझील यांची नौदलं तिथे रसद पोचवतात. भारत १९८३ मध्ये या करारात आला.

दर्यावर्दी

धन्यवाद इतिहासवेडी, माझं काम हलकं केलंत.

आता 'आल्मिरांते इरिसार', म्हणजे 'ॲडमिरल इरिसार'. कप्तान पुढे ॲडमिरल झाला. अर्जेंटिनाकडे त्याआधी 'हेनेराल सान मार्तिन' नावाचं जर्मनीत बांधलेलं बर्फफोडं जहाज होतं, १९५४ चं. त्याच्या जागी नवं हवं म्हणून फिनलंडच्या वार्टसिला कंपनीला ऑर्डर दिली. हेलसिंकीच्या गोदीत फेब्रुवारी १९७८ मध्ये ते पाण्यात सोडलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नौदलात दाखल झालं. लांबी सुमारे १२१ मीटर, रुंदी २५ मीटर, पूर्ण भरल्यावर विस्थापन १४,९०० टनांच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंदी बघा. गोलमटोल अंगाचं जहाज आहे.

पुष्कळांना वाटतं की असं जहाज बर्फ सुरीसारखं कापत जातं. तसं नसतं. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, खालच्या अंगाला तिरकी असते, ती बर्फावर चढते आणि मग अख्ख्या जहाजाचं वजन बर्फ मोडतं. बर्फ जाड लागला की मागे यायचं, पुन्हा धावून चढायचं. हे तासन्‌तास चालतं. त्यासाठी डिझेल इंजिनं थेट पंख्याला (प्रोपेलरला) जोडलेली नसतात. इंजिनं वीज करतात आणि विजेच्या मोटारी पंखे फिरवतात. बर्फाचा गोळा पंख्यात अडकला तरी मोटर कमी वेगातही जोर लावू शकते, आणि पुढे-मागे करणं हाताशी राहतं.

मचवा

यातली एक बाजू सांगतो. साध्या जहाजाच्या पोटाला दोन्ही अंगांना लांब पट्ट्या असतात, हेलकावे कमी करायला. बर्फफोड्याला त्या ठेवता येत नाहीत, बर्फ ओरबाडून नेईल. त्यामुळे बर्फात हे जहाज राजासारखं चालतं आणि मोकळ्या समुद्रात पिंपासारखं लोळतं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाखालची ड्रेक सामुद्रधुनी अशा जहाजातून ओलांडायची म्हणजे वीस वर्षं दर्यावर काढलेल्यालाही बोट लागते. ताट टेबलावर ठेवायचं तर खाली ओला टेबलक्लॉथ लागतो, नाहीतर ताट समोरच्याच्या मांडीवर.

दर्यावर्दी

अगदी खरं मचवा. ओल्या टेबलक्लॉथचं वाचून मेसरूम डोळ्यांपुढे आली.

या जहाजाचं नेहमीचं काम म्हणजे दर उन्हाळ्यात (तिकडचा उन्हाळा, आपला हिवाळा) अर्जेंटिनाच्या तळांवर इंधन, धान्य, औषधं, माणसं पोचवणं आणि वर्षभर राहिलेल्यांना परत आणणं. सगळ्यात अवघड फेरी बेलग्रानो २ ची. तो तळ वेडेल समुद्राच्या पार तळाशी आहे, जवळजवळ ७८ अंश दक्षिणेला. चार महिने सूर्य दिसत नाही. वर्षातून एकदा जहाज पोचलं तर पोचलं. ज्या वेडेल समुद्राच्या बर्फाने 'अंटार्क्टिक'ला चिरडलं, तोच ओलांडून जायचं असतं.

मग आलं १९८२.

इतिहासवेडी

दर्यावर्दी, १९८२ च्या आधी डिसेंबर १९८१ घ्यायला हवा. मध्येच घुसते, माफ करा, पण हा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो.

लार्सन सुटून ब्युनोस आयरिसला आला तेव्हा त्याचे सत्कार झाले. दक्षिणेकडे देवमासे किती आहेत ते त्याने पाहिलं होतं. तिथल्याच पैसेवाल्यांना त्याने पटवलं आणि १९०४ मध्ये अर्जेंटिनी कंपनीच्या नावाने साउथ जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन हे देवमाशांच्या शिकारीचं ठाणं उभं केलं. त्यापाठोपाठ त्या बेटावर लीथ, स्ट्रॉमनेस, हुसविक अशी ठाणी झाली. साठेक वर्षांत देवमासे संपत आले, ठाणी बंद पडली आणि गंजणारं लोखंड मागे राहिलं. ते भंगार ब्युनोस आयरिसच्या कोन्स्तान्तिनो दाविदोफ या व्यापाऱ्याने घेतलं आणि डिसेंबर १९८१ मध्ये तो पाहणीला लीथला गेला. कुठल्या जहाजातून? आल्मिरांते इरिसारमधून. रेडिओ बंद ठेवून, ग्रिटविकेनला रीतसर नोंद न करता. बेट ब्रिटनच्या ताब्यातलं, त्यामुळे ब्रिटनने निषेध नोंदवला. मार्च १९८२ मध्ये दाविदोफची माणसं दुसऱ्या जहाजाने तिथे उतरली, अर्जेंटिनाचा झेंडा लागला आणि दोन आठवड्यांत ब्रिटनशी फॉकलंडचं युद्ध.

इरिसारने लार्सनला वाचवलं, लार्सनने साउथ जॉर्जियावर पहिलं ठाणं घातलं, आणि त्या बेटावरच्या भंगारासाठी इरिसारच्या नावाचं जहाज गेलं. इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी नकाशावर बोट ठेवायला लावते. इथे एकाच समुद्रात ऐंशी वर्षं सापडतात.

दर्यावर्दी

माफी कसली, लार्सन ते दाविदोफ ही साखळी मी कधी जोडलीच नव्हती. सलाम.

युद्धातलं थोडक्यात सांगतो. फॉकलंड बेटं, अर्जेंटिनाच्या भाषेत माल्विनास, घ्यायला जो ताफा निघाला त्यात हे जहाजही होतं, डेकवर हेलिकॉप्टरं घेऊन. वाटेत वादळ लागलं. वर मचवांनी लिहिलंय तसं जहाज लोळायला लागलं आणि लष्कराचं एक प्यूमा हेलिकॉप्टर बांधणी तुटून आपटलं, निकामी झालं. त्यातून जी तुकडी गव्हर्नरच्या निवासावर उतरायची होती, तिचा बेत रद्द झाला आणि ते काम नौदलाच्या कमांडोंकडे गेलं. तिथेच कॅप्टन पेद्रो जाकिनो २ एप्रिलला मारला गेला, अर्जेंटिनाचा या युद्धातला पहिला बळी. डेकवरची लॅशिंग, म्हणजे सामानाची बांधणी, नीट आहे ना, हे बघायला बोसन (खलाशांचा मुकादम) रात्री दोन वाजता उठवतो तेव्हा कंटाळा येतो. ही हकीकत वाचल्यापासून मी कधी कुरकुर केली नाही.

पुढे या जहाजाच्या तोफा उतरवल्या, अंगाला पांढरा रंग दिला, लाल क्रॉस काढले आणि त्याचं रुग्णालय केलं. 'बाहिया पाराइसो' या दुसऱ्या ध्रुवीय जहाजाचंही तेच केलं. बेटांच्या उत्तरेला समुद्रात २० सागरी मैल व्यासाचं एक वर्तुळ दोन्ही देशांनी तोंडी ठरवून घेतलं होतं. तिथे दोघांची रुग्णालय-जहाजं थांबायची, जखमींची देवाणघेवाण व्हायची, रेड क्रॉसची माणसं येऊन तपासून जायची. एकमेकांची जहाजं बुडवणारे दोन देश त्या वर्तुळापुरता शब्द पाळत होते. १४ जूनच्या शरणागतीनंतर इरिसारने पोर्ट स्टॅन्लीहून जखमी घरी नेले.

रानपाखरू

'बाहिया पाराइसो'चं पुढे काय झालं?

मचवा

१९८९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या पामर तळाजवळ खडकावर चढलं आणि बुडालं. जहाजावर तीनशेहून जास्त माणसं, पर्यटकही होते, सगळे वाचले. पण सुमारे ६ लाख लिटर डिझेल पाण्यात गेलं. पेंग्विन आणि समुद्रपक्ष्यांचं फार नुकसान झालं. म्हणजे त्यानंतर सगळा भार एकट्या इरिसारवर.

वास्कोकर

हा लेख वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी वास्कोचा. वडील मार्मागोवा बंदरात कामाला होते. डिसेंबर १९८१ मध्ये 'पोलारसिर्केल' नावाचं नॉर्वेचं लाल जहाज लागलं होतं, ते त्यांनी पाहिलेलं. लोकरीचे कपडे आणि बांधलेल्या पेट्या चढताना बघून सगळे चक्रावले होते, कारण गोव्यात लोकर कुणाला हवी? मोहीम गुप्त होती. ६ डिसेंबरला जहाज गेलं. जानेवारीत २१ भारतीय अंटार्क्टिकावर उतरल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा बाबांना उलगडा झाला. मोहिमेचे प्रमुख डॉ. कासिम यांचं नाव ते अजून आदराने घेतात.

आता इरिसारचा संबंध. भारताकडे आजही स्वतःचं बर्फफोडं जहाज नाही, आपण भाड्याने घेतो. दोन हजारच्या आसपास आपल्या मोहिमांसाठी 'माग्दालेना ओल्डेनडॉर्फ' हे जर्मन कंपनीचं जहाज येत असे. आमच्या इथे हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे, तिथल्या माणसांच्या तोंडी हे नाव सहज असायचं. जून २००२ मध्ये हेच जहाज रशियन शास्त्रज्ञांना घेऊन परतताना बर्फात अडकलं. १०७ माणसं, ऐन ध्रुवीय हिवाळा, दिवसाचा उजेड जवळजवळ नाहीच. दक्षिण आफ्रिकेचं 'अगुल्हास' शक्य तितकं जवळ गेलं आणि हेलिकॉप्टरने ८९ जणांना उचलून आणलं. पण अख्खं जहाज आणि उरलेले खलाशी तिथेच. त्यांच्यासाठी ब्युनोस आयरिसहून कोण निघालं? आल्मिरांते इरिसार.

दर्यावर्दी

वास्कोकर, मनापासून आभार. मी हा भाग लिहिणारच होतो, पण तुमच्या वडिलांची आठवण त्यात आली नसती.

एवढंच जोडतो. त्या मोसमात वेडेल समुद्राच्या बाजूला कुणी जात नाही. इरिसार गेलं, जुलैमध्ये त्या जहाजापर्यंत पोचलं, अन्न-इंधन दिलं. बाहेर काढायचा प्रयत्न केला, पण हिवाळ्याच्या बर्फाने दाद दिली नाही. शेवटी त्या जहाजाला किनाऱ्यालगत सुरक्षित जागी नेऊन ठेवलं आणि थोड्या खलाशांनी तिथे हिवाळा काढला. काही जण याला फसलेली मोहीम म्हणतात. मला ते पटत नाही. अडकलेल्या माणसाजवळ ऐन हिवाळ्यात कुणीतरी जाऊन उभं राहिलं, जहाज चिरडलं जाणार नाही अशा जागी आणलं आणि एकही जीव गेला नाही. 'अंटार्क्टिक'चं काय झालं होतं ते आठवा.

आता आग. हे लिहायला मला जड जातं, कारण इंजिनरूम हेच माझं आयुष्य.

१० एप्रिल २००७ ची रात्र. तळांची रसद पोचवून जहाज परतत होतं, अर्जेंटिनाच्या पुएर्तो मद्रिन बंदरापासून सुमारे १४० सागरी मैलांवर. जनरेटरच्या विभागात आग लागली. इंजिनरूममधली आग किती झटक्यात वाढते ते बाहेरच्यांना कळत नाही. तेलाची बारीक चूळ तापलेल्या एक्झॉस्टवर पडली की काही मिनिटांत वरच्या शिडीचा कठडा हाताला चटका देतो. मी एकदाच असा प्रसंग पाहिलाय, जहाजाचं नाव नको. फुटलेला पाइप बोटभर जाडीचा होता. बंद करायचा व्हॉल्व्ह तीन पावलांवर, आणि धुरात ती तीन पावलं टाकता येईनात. शेवटी बाहेरून दूरनियंत्रणाने तेल तोडलं म्हणून आम्ही वाचलो. आजही पाइपाच्या सांध्याला हात लावून ओल बघायची सवय सुटलेली नाही.

इरिसारवर जनरेटर गेले म्हणजे वीज गेली, आणि वीज गेली की पंपही गेले. जहाज सोडायचा हुकूम झाला. २९६ माणसं अंधारात, एप्रिलच्या थंड समुद्रात, तराफ्यांवर उतरली. पनामाचा झेंडा असलेला 'स्कार्लेट आयबिस' हा टँकर आणि उरुग्वायची 'दोन कायेतानो' ही मासेमारी बोट धावून आली. सगळ्यांना उचललं. एकही माणूस गेला नाही. कप्तान गिजेर्मो तारापोव मात्र उतरला नाही. जळत्या जहाजावर तो एकटाच राहिला.

रानपाखरू

अंगावर काटा आला. १९०३ मध्ये उरुग्वाय नावाच्या जहाजाने लोकांना वाचवलं, आणि २००७ मध्ये इरिसारच्या लोकांना उरुग्वाय देशाच्या बोटीने!

हिशेबनीस

वाचतोय, फार माहितीपूर्ण धागा. पण थोडं वेगळं मत मांडतो. जहाज जळालं २००७ मध्ये, परत कामाला लागलं २०१७ मध्ये. दहा वर्षं! खर्च आणि मुदत दोन्ही वाढत गेल्याचं मी वाचलंय. त्या पैशात नवं घेतलं असतं तर? तीस वर्षांचं जहाज जिवंत करण्यात भावनेचा भाग जास्त दिसतो.

दर्यावर्दी

हिशेबनीस, प्रश्न रास्त आहे. मीही त्या पहारेकऱ्याला भेटल्यावर जहाजावर परतताना हाच विचार करत होतो.

मधल्या वर्षांत अर्जेंटिनाने परदेशी जहाजं भाड्याने घेतली. त्यातलं 'वासिली गोलोवनिन' हे रशियन जहाज वास्कोकरांना चांगलं माहीत असेल, तेच पुढे आपल्या मोहिमांनाही आलं. भाड्याचं जहाज मालकाच्या वेळापत्रकाने येतं. एखाद्या तळावर ऐन वेळी माणूस आजारी पडला तर ते तुमच्या हाकेला येईलच असं नाही.

दुसरं म्हणजे, आग वरच्या भागात भयंकर होती, दोन सी किंग हेलिकॉप्टरंही गेली, पण अंग, म्हणजे बर्फाशी भिडणारं जाड पोलाद, शाबूत होतं. बर्फफोड्यात खरी किंमत त्या पोलादाची. उरलेलं पुन्हा करता येतं. ते काम ब्युनोस आयरिसच्या तान्दानोर गोदीत स्थानिक कामगारांनी केलं. उशीर झाला, हे नाकारत नाही. दहा वर्षं फार झाली. पण परत आलेलं जहाज जुन्याची डागडुजी नव्हतं. प्रयोगशाळांची जागा ७४ चौरस मीटरवरून ४१५ वर गेली. आधी ते मुख्यतः रसदीचं जहाज होतं, आता समुद्रविज्ञानाची माणसं त्यावर खरोखर काम करू शकतात.

आणि पहिल्याच मोसमात काय झालं ते बघा. मार्च २०१८, अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या टोकाला जॉइनव्हिल बेट. अमेरिकेचे चार शास्त्रज्ञ आणि एक सहकारी असे पाच जण तिथे तळ ठोकून होते. त्यांना न्यायला आलेलं 'लॉरेन्स गूल्ड' हे अमेरिकन जहाज बर्फामुळे पोचेना. इरिसार त्या भागात होतं. ते वळलं, हेलिकॉप्टर पाठवलं, पाचही जणांना उचलून आणलं.

हिशेबनीस

हे माहीत नव्हतं. भाड्याच्या जहाजाचा मुद्दाही पटला. उशिराबद्दलचं माझं मत कायम आहे, पण पोलादाचं गणित मी केलंच नव्हतं.

वास्कोकर

गोलोवनिन! जानेवारी २०२१ मध्ये चाळिसावी भारतीय मोहीम त्याच जहाजाने गोव्याहून निघाली. कोरोनाचे दिवस, त्यामुळे माणसं फक्त त्रेचाळीस. बाबांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "याचाही रंग लालच."

इतिहासवेडी

आत्ता नकाशा उघडून बसलेय. जॉइनव्हिल बेटाच्या दक्षिणेला एक ठिपका आहे. ते पॉलेट बेट! लार्सनच्या माणसांनी हिवाळा काढला ते. दर्यावर्दी, हे तुम्ही मुद्दाम सांगितलं नाहीत का?

दर्यावर्दी

नाही हो, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती दोन्ही ठिकाणं माझ्या वहीत वेगवेगळ्या पानांवर होती.

लार्सनच्या माणसांनी रचलेल्या दगडी घराच्या भिंती पॉलेटवर अजून उभ्या आहेत, छप्पर नाही. भोवती पेंग्विनची प्रचंड वस्ती आहे, ते त्या भिंतींच्या आतही बसतात. तिथे दगावलेल्या खलाशाची कबरही आहे. होप बेच्या खोपटाचे दगडही राखलेत, त्याच्या शेजारीच अर्जेंटिनाचा एस्पेरान्सा तळ आहे आणि इरिसार दर उन्हाळ्यात तिथे नांगर टाकतं.

'उरुग्वाय'चे फोटो जुन्या हार्ड डिस्कमध्ये आहेत. रविवारी शोधतो आणि इथेच टाकतो.